चार वाजता बंद होणारा रंग

उन्हाने बिघडवलेली चित्रं उजेडानेच सावरायची, ही कल्पना दिवाळी अंकासाठी कुणी रचली असती तर आम्ही तिला लाडिकपणा म्हणून कात्री लावली असती. पण हार्वर्ड विद्यापीठात ती प्रत्यक्षात आली. तिथल्या एका भोजनकक्षात १९६४ साली चित्रकार मार्क रॉथ्कोची पाच भव्य चित्रं लागली. खिडक्या मोठ्या, पडदे बहुधा उघडे, आणि त्याने वापरलेला लिथॉल रेड हा तांबडा रंग उन्हात न टिकणारा. किरमिजी छटा विटत काही ठिकाणी निळसर झाल्या. १९७९ पर्यंत चित्रं उतरवून कोठारात ठेवली गेली.

वर नवा रंग चढवायची सोय नव्हती. रॉथ्कोने वॉर्निश लावलंच नव्हतं, त्यामुळे चढवलेला रंग पुन्हा काढता आला नसता. मग तज्ज्ञांनी या चित्रांच्या १९६४ च्या रंगीत फोटो-पारदर्शिका शोधल्या. त्याही विटलेल्या! आधी त्यांचे रंग संगणकावर सावरले, मग आजच्या चित्राशी बिंदूबिंदूने ताडून उणीव तेवढी भरणारी प्रतिमा बनवली आणि ती प्रोजेक्टरने चित्रावर सोडली. २०१४ च्या प्रदर्शनात कॅनव्हासला बोटही न लावता जुना रंग दिसू लागला. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद होई आणि विटलेलं चित्र समोर येई. एवढ्या खटाटोपात आम्हाला ती चारची वेळ सर्वांत मोलाची वाटते.

अजिंठ्यात असं बटण नव्हतं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले, हे उपकारच; पण त्यांनी चित्रांवर चढवलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं-काळसर पडलं आणि ते काढायचा घोर पुरातत्त्व खात्याला लागला.

संगणकावर माघारी फिरता येतं. म्हणून लेण्यांतले पुसलेले चेहरे पडद्यावर भरून पाहायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती भरलेला भाग कुठला हे न सांगता ते चित्र मूळ म्हणून छापण्याला. आता तर यंत्र नाकडोळे इतक्या सफाईने कल्पून देतं की जाणकारही फसावा.

यंदाच्या मुखपृष्ठावर आमच्याच एका जुन्या अंकाचं चित्र आहे. घडीची रेघ, कसरीची भोकं, चहाचा डाग संगणकावर काढले. बाईच्या पदराचा फाटून गेलेला कोपरा मात्र अंदाजाने भरलाय. मलपृष्ठावर तेच पान सापडलं तसं छापलं आहे. ताडून पाहा, आणि मूळ अंक कुणाच्या माळ्यावर धड निघालाच, तर त्या कोपऱ्यात खरं काय होतं ते कळवा.