गिअर लागतानाचा दणका

बर्नआउट झाला होता. आता गाडी मागे घेऊन सुरुवातीच्या रेषेमागे आणायची होती. इंजिन तापलेलं, आयडलिंग १४०० च्या आसपास, मागचे टायर चिकट होऊन रस्त्याला धरलेले. मी समोर उभा राहून हाताने खूण केली, ड्रायव्हरने लिव्हर रिव्हर्सला टाकला आणि घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला. गाडी दोन फूट मागे उसळली आणि जागेवर थांबली. वाकून पाहिलं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला होता, त्याची एक टोपी खाली डांबरावर पडलेली. त्या दिवशी ती गाडी पळालीच नाही.

आखातातल्या एका ड्रॅग पट्टीवरची ही गोष्ट. मी तिथल्या एका गॅरेजात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम शिकत होतो आणि तो बॉक्स आमच्याच बाकावर बांधलेला होता. चूक आमची होती. पण तेव्हा तसं कोणालाच वाटलं नाही. “रेसचा बॉक्स आहे, दणका देणारच,” असं उस्ताद म्हणाले आणि आम्ही नवा क्रॉस बसवला.

हे वाक्य मी त्यानंतर शेकडो वेळा ऐकलं. बहारीनच्या साखीरला, अबुधाबीच्या यास पट्टीवर, दोह्याला अमेरिकी बनावटीच्या ड्रॅग गाड्या पळतात, त्यांच्याखाली बहुतेक वेळा टर्बो ४०० नाहीतर पॉवरग्लाइड असतो आणि हे बॉक्स उघडणाऱ्या हातांत रत्नागिरी-रायगडच्या मुलांचेही हात असतात. त्या मुलांसाठी आणि इथे बसून तेच काम करू पाहणाऱ्यांसाठी या अंकात मी एवढंच सांगणार आहे: गिअर लागतानाचा दणका ही ताकदीची खूण नाही. तो काढल्याने गाडी पाव मैलात एक शतांश सेकंदही मागे पडत नाही, मात्र तो कुठून काढायचा हे कळलं पाहिजे.

टर्बो ४०० घेऊ. १९६४ साली कॅडिलॅक आणि ब्युइक गाड्यांत आलेला हा बॉक्स मुळात आलिशान गाड्यांसाठी होता, आणि त्यात गिअर इतका अलगद पडे की मागे बसलेल्याला कळू नये. हे अलगदपण जनरल मोटर्सने मुद्दाम घडवलं होतं: क्लच पॅकमध्ये लाटेसारखी वाकवलेली एक पोलादी प्लेट, तेलाच्या वाटेत मोजून पाडलेली भोकं, धक्का पोटात घेणारे अ‍ॅक्युम्युलेटर, आणि इंजिनाच्या व्हॅक्युमवर प्रेशर खालीवर करणारा मॉड्युलेटर. रेससाठी बॉक्स बांधताना आपण यातलं एकेक काढून टाकतो. लाटेच्या जागी सपाट प्लेट घालतो, भोकं मोठी करतो, अ‍ॅक्युम्युलेटर बंद करतो आणि मॅन्युअल वॉल्व्ह बॉडी लावून प्रेशर कायमचं २०० पीएसआयच्या वर नेऊन ठेवतो. शिफ्ट कडक होते, क्लच जळत नाही, सगळे खूश. पण जी औषधं दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरसाठी होती ती आपण सरसकट सगळ्या बॉक्सला पाजलेली असतात.

न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. कन्व्हर्टरचा टर्बाइन आणि त्याला जोडलेला इनपुट शाफ्ट जवळजवळ इंजिनाच्याच वेगाने फिरत असतात. चाकं थांबलेली असतात. गिअर पडला की हे सगळं फिरतं वजन क्लचला थांबवावं लागतं. फिरत्या वजनातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून १००० आरपीएमच्या जागी १४०० असेल तर क्लचला जवळजवळ दुप्पट ऊर्जा पचवावी लागते. कन्व्हर्टर जो ओढा लावतो तोही साधारण वर्गानेच वाढतो. म्हणजे पहिला इलाज फुकटचा आहे: आयडलिंग उतरवा. मोठ्या कॅमचं इंजिन ११०० च्या खाली नीट चालत नाही हे मान्य, पण १४०० वरून ११०० वर आणलं तरी ऊर्जा चाळीस टक्क्यांच्या जवळपास कमी होते. इंजिन ईसीयूवर चालत असेल तर लिव्हर हलताना क्षणभर आयडलिंग खाली ओढता येतं. हे करण्याआधी बॉक्स उघडूच नका.

दुसरी गोष्ट तेलाची. आपले कितीतरी जाणते मिस्त्रीही इथे घोळ करतात. क्लच धरून ठेवतं ते प्रेशर, आणि क्लच किती वेगाने मिटेल हे ठरतं तेलाच्या प्रवाहावर. तेलाच्या वाटेत बारीक भोक ठेवलं तर पिस्टन सरकत असेपर्यंतच ते अडवतं. पिस्टन टेकला आणि प्रवाह थांबला की भोकाच्या दोन्ही बाजूंना प्रेशर सारखं होतं, पूर्णच्या पूर्ण. म्हणून भोक लहान केल्याने क्लचची पकड कमी होत नाही, फक्त तो थोडा उशिरा मिटतो. सेपरेटर प्लेटमधलं ३ मिलिमीटरचं भोक २ मिलिमीटर केलं की क्षेत्रफळ निम्म्याहून खाली येतं, आणि भरायला लागणारा वेळ दुपटीहून अधिक होतो. नेहमी लहान भोकापासून सुरुवात करा आणि पाव-पाव मिलिमीटरने वाढवत न्या. पाडलेलं भोक परत बुजवणं म्हणजे नवी प्लेट. मोजमाप तेल गरम झाल्यावरच घ्या. लिव्हर हलवल्यापासून सेकंद-दीड सेकंदात क्लच पूर्ण बसला पाहिजे, त्याहून उशीर झाला तर प्लेटा घसरून काचेसारख्या गुळगुळीत होतील.

आता प्रश्न असा की भोक कोणत्या क्लचचं लहान करायचं? टर्बो ४०० मध्ये लिव्हर पुढच्या गिअरला टाकला की फॉरवर्ड क्लच लागतो, आणि तो पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत लागलेलाच राहतो. शर्यतीत तो एकदाही सुटत नाही आणि एकदाही लागत नाही. दुसरा गिअर इंटरमीडिएट क्लच धरतो, तिसरा डायरेक्ट क्लच. म्हणजे पुढचा गिअर टाकताना दणका देणारा फॉरवर्ड क्लच तुमच्या वेळेशी कसलाच संबंध ठेवत नाही. त्यात लाटेची प्लेट परत घाला, क्लिअरन्स पुन्हा मोजा, त्याच्या वाटेतलं भोक बारीक करा. शिफ्ट होती तितकीच कडक राहील. हे न करता मिस्त्री लोक सगळं प्रेशर खाली आणतात, आणि मग तिसऱ्या गिअरला क्लच जळाला की मऊपणाच्या नावाने बोटं मोडतात.

रिव्हर्सचं प्रकरण अवघड आहे, आणि आमचा क्रॉस तिथेच तुटला होता. रिव्हर्ससाठी डायरेक्ट क्लच आणि मागचा बँड असे दोन्ही लागतात. डायरेक्ट क्लचच्या पिस्टनला तेलाचे दोन कप्पे आहेत. मूळ रचनेत तिसऱ्या गिअरला एकच भरतो, रिव्हर्सला दोन्ही. शिवाय रिव्हर्समध्ये लाइन प्रेशर आणखी चढवलं जातं. तेव्हा सगळ्यात जोराचा दणका रिव्हर्सलाच बसणार हे उघड आहे. इथे डायरेक्ट क्लचची सामाईक वाट आवळली तर तिसरा गिअर मऊ पडेल. आवळायची ती फक्त रिव्हर्सची वाट.

आणि ट्रान्सब्रेक असेल तर आणखी जपा. ट्रान्सब्रेक म्हणजे पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गाडी जखडून ठेवणं; बटण सोडलं की सोलेनॉइड रिव्हर्सचं तेल बाहेर सोडतो आणि गाडी सुटते. ते तेल तुम्ही लहान केलेल्या भोकातूनच बाहेर पडू लागलं तर गाडी आळसावून सुटेल, दरवेळी वेगळी सुटेल आणि प्लेटा घासत राहतील. हजारांश सेकंदावर जिथे निकाल लागतो तिथे हे चालत नाही. त्यासाठी भोकाच्या शेजारी मोठी वाट ठेवून त्यात चेक बॉल बसवतात. तेल आत जाताना बॉल वाट बंद करतो आणि सगळं तेल बारीक भोकातून जातं; बाहेर येताना बॉल उचलला जातो आणि वाट मोकळी होते. एक छोटासा पोलादी गोळा एवढं काम करतो. मला या धंद्यात इतकी सुंदर गोष्ट दुसरी दिसलेली नाही. या पॅकमध्ये मात्र लाटेची प्लेट घालू नका, सुटताना ती वेळ खाते.

बॉक्स उतरवण्याआधी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. बॉक्सला मॉड्युलेटर असेल तर त्याची नळी निघालेली किंवा चिरलेली नाही ना? व्हॅक्युम पोचला नाही की बॉक्सला वाटतं थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, आणि उभ्या गाडीतही तो भरपूर प्रेशर देतो. दुसरं, प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून प्ले किती आहे ते बघा. क्रॉस, स्लिप योकचे दाते, क्राउन-पिनियन, सगळ्यांची ढिलाई एकत्र येऊन दणका मोठा करते, आणि घट्ट माउंटिंगची गाडी तो सगळाच्या सगळा बॉडीत पोचवते.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. दुसरा क्रॉसही तुटला तेव्हा उस्तादांनी स्वतः गेज लावायला सांगितलं. उभ्या गाडीत, रिव्हर्समध्ये, २४० पीएसआय. आम्ही आयडलिंग ११०० वर आणलं, रिव्हर्सच्या वाटेत २ मिलिमीटरचं भोक ठेवलं आणि शेजारी चेक बॉल बसवला. प्रेशरला हात लावला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच पट्टीवर बर्नआउट झाला, मी समोर उभा राहून खूण केली, ड्रायव्हरने लिव्हर ओढला. काहीच ऐकू आलं नाही. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, “पडला का?” मी मान हलवली. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी सरकत मागे निघाली.