रुपयावरील साल

विष्णुपुरीहून एका भगिनींनीं आपल्या घरची अडचण कळविली आहे. सासऱ्यांच्या पणजीची नऊ रुपयांची माळ त्यांच्या देवघरांत आहे. नवे रुपये ओवून ती लग्नांत घातली, असें वडीलधारीं माणसें सांगत आलीं. नऊही रुपयांवर साल १८६२. वडील मुलाचा जन्म १८७५ चा. तेवढ्यावरून कोणीं तरी वंशावळींत त्या माउलीच्या नांवापुढें ‘तेरा वर्षें निपुत्रिक’ असा शेरा लिहून ठेविला. नव्या प्रतींत तो ठेवावा कीं गाळावा?

आमच्या मतें गाळावा. व्हिक्टोरिया राणीच्या नांवाचा हा रुपया १८६२ त निघाला खरा. परंतु त्याच सालाचा छाप १८७४ पर्यंत चालू राहिला. त्यापूर्वीं १८४० सालाचा रुपयाही असाच वीसांहून अधिक वर्षें पाडला जात होता. हा टांकसाळीचा आळस नव्हे. जुन्या काळीं बंगालचे सराफ साल पाहून रुपयावर बट्टा कापीत. वर्ष उलटलें कीं त्याच चांदीचें मोल उतरे! म्हणून कंपनीनें शहाआलम बादशहाच्या १९ व्या जुलूसी वर्षाचा छाप कायम केला. साल न बदलण्याची वहिवाट तेव्हांपासूनची.

अमेरिकेंत याहून मौज झाली. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या दप्तरीं १८०४ त १९,५७० रुप्याचे डॉलर पाडल्याची नोंद आहे, पण त्यांवर १८०४ हें साल नव्हतेंच. पोलादी ठसे महाग. ते झिजेपर्यंत वापरीत, म्हणून नाण्यांवर मागचेंच साल उमटे. ‘१८०४’ लिहिलेले डॉलर प्रथम पाडले ते १८३४ च्या सुमारास, मस्कतचा सुलतान व सयामचा राजा यांच्या नजराण्यासाठीं! दप्तर पाडल्याचें वर्ष सांगत होतें, नाणें ठशाचें.

मुंबईच्या टांकसाळीनें मात्र एक सोय ठेविली. १८६२ च्या रुपयांवर, सालाच्या बाजूस, ती बारीक ठिपके उठवी. ते मोजून अभ्यासक पाडल्याचें खरें वर्ष ठरवितात. भगिनींनीं पाठविलेल्या छायाचित्रांत दोन रुपयांवर असे चार-पांच ठिपके स्पष्ट दिसतात. म्हणजे माळ १८६२ त ओवलेली नाहीं. शिवाय नांदेडकडे तेव्हां निजामाचा हाली शिक्का चाले. कलदार बाहेरून येई, तो घरीं पोंचेपर्यंत आणखी कांहीं काळ गेला असेल.

उरलेले सात रुपये जाणत्याकडून भिंगाखालीं पाहून घ्यावे. तोंवर माळेला चिंच किंवा राख लावूं नये. घांसल्यानें ठिपके पुसट होतात.