टॉवर आपल्या वावरात, हुकूम कुणाचा?



कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू शिवारात बसून पुण्याजवळच्या तळवड्याची चर्चा कशाला, असे तुम्ही विचाराल. तळवड्याच्या शेतकऱ्याने जे पाहिले ते आपल्या गावाच्या वेशीवर आले आहे, म्हणून.

तळवडे हे इंद्रायणीकाठचे, देहूच्या शेजारचे गाव. नदीपलीकडे काही कोसांवर चाकण, जिथे 1980 मध्ये कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरला. 1997 मध्ये तळवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. कारखाने आले, एमआयडीसीचा सॉफ्टवेअर पार्क आला. जमीन शेतकऱ्याचीच राहिली, पण तिच्यावर काय करायचे ते विकास आराखड्यातले रंग ठरवू लागले. एका अंगाला तर देहूरोडच्या दारूगोळा कोठाराचा रेड झोन. कोठाराच्या हद्दीपासून 2000 यार्डांच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, हुकूम दुसऱ्याचा.

झोन हा शब्द आपल्यालाही नवा नाही. उसाला झोनबंदी होती. कापसाला 1972 पासून एकाधिकार खरेदी होती. आपलाच कापूस राज्याबाहेर विकायला नेला तर गुन्हा. दोन्ही वेळा सांगितले गेले की हे तुमच्याच भल्यासाठी आहे. आता मोबाईलच्या टॉवरची पाळी आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याला टॉवर हवा आहे. 2021 पासून ई-पीक पाहणी फोनवरून करावी लागते. रेंज नसेल तर पीक वावरात उभे असते आणि सातबाऱ्यावर कोरे राहते. बाजारभाव, बँकेचा निरोप, आजारी माणसासाठी गाडी, सगळे फोनवर. टॉवरला विरोध करणे हा आपला कार्यक्रम नाही. प्रश्न एवढाच की तो कुठे उभा राहील हे कुणी ठरवायचे, आणि जागेचा भाव कुणी.

शहरात याला थोडीफार नियमावली आहे. 2014 मध्ये राज्याच्या नगरविकास खात्याने टॉवरसाठी नियम काढले. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचा तर रहिवाशांची संमती लागते, इमारत भार पेलते असा दाखला लागतो. नियम असूनही पिंपरी-चिंचवडमध्ये विनापरवाना टॉवर हा जुना विषय आहे. खेड्यात तर विचारणाराच कुणी नाही. त्यात 2022 मध्ये केंद्राने नियम बदलले. खासगी जागेवर टॉवर उभारताना स्थानिक परवानगीची गरज नाही, माहिती आणि भक्कमपणाचा दाखला दिला की पुरे. परवान्याची एक खिडकी कमी झाली याचे आम्हाला दुःख नाही. खिडकी म्हटली की चिरीमिरी आलीच. मग राहिली फक्त जमीनमालकाची संमती, आणि तीच आपली खरी ताकद.

पण या ताकदीलाही सुरुंग लावून ठेवला आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात कलम 12 वाचा. कंपनीने मालकाकडे मागणी करावी, दोघांनी मोबदला ठरवावा. इथवर ठीक. मालकाने नाही म्हटले, आणि केंद्र सरकारला सार्वजनिक हितासाठी गरज वाटली, तर सरकार तो हक्क संपादन करू शकते. म्हणजे सौदा कसला? एका पक्षाच्या हातात तराजू आणि पाठीशी पोलीस. फायदा कंपनीचा, नाव जनतेचे आणि जमीन शेतकऱ्याची. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

कलम 14 म्हणते की टॉवरचे जाळे हे त्या मालमत्तेचा भाग धरायचे नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात टॉवरवर कर घेता येतो असा निकाल दिला होता. नव्या कायद्याने तो मार्ग अडवला. टॉवर गावात, जनरेटरचा धूर गावात, आणि गावाच्या पेटीत मात्र खडखडाट.

लहरींच्या भीतीबद्दल. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात टाकले. याचा अर्थ धोका सिद्ध झाला असा नाही, शंका पुरती मिटलेली नाही असा. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. अफवांवर भांडू नका. शाळेजवळ, वस्तीजवळ टॉवर असेल तर दूरसंचार विभागाकडून मोजणी मागा, आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा.

सगळ्यात जास्त शेतकरी बुडाला तो मात्र भामट्यांमुळे. 'तुमच्या शेतात टॉवर, लाखोंचा ॲडव्हान्स, आधी नोंदणी फी भरा.' ट्रायच्या नावाचा शिक्का मारलेले पत्रही येते. ट्राय असा दाखला देत नाही, आणि टॉवरसाठी जमीनमालकाकडून पैसे घेत नाही. जो जागा मागतो तो पैसे देतो. जो तुमच्याकडेच पैसे मागतो तो चोर.

खरी कंपनी आली तर घाई करू नका. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी केलेलाच हवा. त्यात भाडेवाढ किती आणि कधी ते लिहा. गाडी कुठल्या धुऱ्यावरून येईल, पेरणीत वावर तुडवले तर भरपाई काय, अकृषिक आकारणी कोण भरणार, मुदत संपल्यावर काँक्रीटचा पाया कोण उखडणार, हे सगळे लिहून घ्या. एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. मोठी कंपनीही बुडते. म्हणून निदान वर्षाचे भाडे अनामत घ्या.

जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव यावा. संमतीशिवाय शेतजमिनीवर टॉवरचा हक्क संपादन करणारी तरतूद रद्द व्हावी. गावातल्या प्रत्येक टॉवरची जागा, मालक आणि मोजणीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. शाळा, दवाखाना आणि वस्तीपासून किती अंतर ठेवायचे, ते ग्रामसभेत ठरावे. आणि टॉवरच्या कमाईतला वाटा गावाला मिळावा.

या चारपैकी एकही मागणी भीक नाही. ज्याची जमीन, त्याने भाव सांगायचा. कापसाला लावलेला न्याय जमिनीलाही लागतो. तळवड्याच्या शेतकऱ्याला हे सांगणारे कुणी भेटले तोवर नकाशा रंगून झाला होता. आपला नकाशा अजून कोरा आहे.