‘देशी’ हा शब्द कोणी बाटवला? एका प्याल्याचा इतिहास

१/ बोरिवलीतल्या एका मद्याच्या दुकानासमोर दोन तरुणांचा संवाद परवा कानी पडला. एक दुसऱ्याला मोठ्या अधिकाराने सांगत होता, “पाणी-सोडा न घालता नुसती प्यायची असेल तर विलायतीच घे. देशी काय, झिंगण्यासाठी असते.” वाक्य साधे आहे. पण त्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा सरकारी कारभार उभा आहे, आणि तो कारभारच आपण ‘अभिरुची’ म्हणून मिरवतो. या धाग्यात त्या वाक्याचे खंडन करायचे आहे.

२/ आरंभीच एक खुलासा. हा धागा मद्यपानाचा प्रचार नव्हे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि कायद्याने परवानाही लागतो. जो पीत नाही त्याचे काही बिघडलेले नाही. परंतु जो ‘जाणकार’ म्हणवून घेतो, त्याने निदान आपल्या प्याल्याचा इतिहास जाणावा, एवढीच अपेक्षा.

३/ एखादे मद्य नुसते पिण्याच्या योग्यतेचे आहे की नाही, हे ठरवताना चार प्रश्न विचारावेत. ते कशापासून बनले? कोणत्या भट्टीत गाळले? किती काळ आणि कोणत्या हवेत मुरले? शेवटी त्यात वरून काय मिसळले? सोडा आणि बर्फ या चारही प्रश्नांची उत्तरे झाकून टाकतात. नुसत्या घोटात मात्र लपायला जागा नसते.

४/ आता ही कसोटी आपल्या बाजारातल्या स्वस्त ‘व्हिस्की’ला लावून पाहा. तिचा मोठा भाग साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेला तटस्थ मद्यार्क असतो. उंच स्तंभ-भट्टीत तो सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केला जातो, म्हणजेच त्याची चव जाणीवपूर्वक काढून टाकली जाते. मग थोडे माल्ट, थोडा सुगंध आणि जळक्या साखरेचा रंग. युरोपीय संघात व्हिस्की म्हणजे धान्यापासून गाळलेले आणि लाकडी पिंपात किमान ३ वर्षे मुरलेले मद्य. तिथे या बाटलीला ‘व्हिस्की’ हे नावच लावता येत नाही.

५/ हीच कसोटी सरकारमान्य ‘देशी’ला लावा. ‘संत्रा’, ‘नारंगी’, ‘मोसंबी’ ही नावे फळबागेची. आत मुख्यतः मळीचाच मद्यार्क. म्हणजे दुकानाच्या फळीवर ‘इंग्लिश’ आणि ‘देशी’ या दोन कुळांतल्या वाटणाऱ्या बाटल्या प्रत्यक्षात एकाच कारखान्याच्या मळीच्या लेकी असू शकतात. त्यांच्यात भेद आहे तो रंगाचा, चिठ्ठीचा आणि कराचा. इथे ना देश आहे, ना विलायत. आहे ते फक्त अबकारी खात्याचे वर्गीकरण.

६/ कोणी म्हणेल, विलायतेत असला घोळ नव्हता. होता! १९०५ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या नगर परिषदेने मद्यविक्रेत्यांवर खटले भरले. स्तंभ-भट्टीतला सौम्य धान्य-मद्यार्क ‘व्हिस्की’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, असा तिचा आरोप होता. १९०६ मध्ये दंडाधिकाऱ्याने तो मान्य केला. त्यानंतर शाही आयोग बसला आणि १९०९ मध्ये त्याने व्यापाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. पिंपात मुरवण्याची सक्ती कायद्यात आली ती १९१५ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. ज्या परंपरेला आपण अनादि समजतो, तिची व्याख्या इतकी अलीकडची आहे.

७/ त्याहून मागे जा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली व्हिस्की ही एकेकाळी आपल्या हातभट्टीचीच बहीण होती: चोरटी, खेडवळ आणि अबकारी शिपायांना चकवणारी. १८२३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. १० पौंडांचा परवाना घ्या, माफक कर भरा आणि उजळ माथ्याने भट्टी लावा. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले चिडले आणि त्याला कमरेला पिस्तुले लावून हिंडावे लागले. आज त्या खोऱ्याचे नाव जगभरच्या बाटल्यांवर आहे.

८/ लहान भट्टीवाल्याला कायद्याने आत घेतले, म्हणून एक खेडवळ पेय जगन्मान्य झाले. हे सूत्र ध्यानात ठेवा. कारण त्याच साम्राज्याने पुढे ५५ वर्षांनी आपल्याकडे नेमके उलटे केले.

९/ १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही उपनगरे नव्हती. ती साष्टी तालुक्यातली गावे होती आणि साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा झाला तो १९२० साली. या गावांत ताड, माड आणि शिंदीची झाडे होती. ती चढून ताडी उतरवणारे भंडारी होते. त्याच ताडीने पीठ फुगवून ‘फुगे’ तळणारी ईस्ट इंडियन घरे होती. पलीकडे रानात मोह होता आणि तो वेचणारे वारली, ठाकर, कातकरी होते.

१०/ मोहाचे फूल फाल्गुन-चैत्रात पहाटे गळते. ते वेचतात, वाळवतात, भिजवून आंबवतात आणि मडक्याच्या भट्टीत गाळतात. आता तिसऱ्या मुद्द्यातले चार प्रश्न आठवा. कच्चा माल: एका विशिष्ट झाडाचे, विशिष्ट ऋतूतले फूल. भट्टी: लहान, फुलाचा गंध राखणारी. मिसळ: काही नाही. मुरवणे तेवढे नाही. पण फळांपासून गाळलेल्या युरोपातल्या कित्येक नामांकित मद्यांतही ते नसते. मग ‘नुसती पिण्याजोगी’ या पदवीपासून मोहाला कोणी रोखले?

११/ उत्तर: महसुलाने. हा कायदा ज्यांच्या पुढाकाराने आला आणि राबवला गेला, ते अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, गाळप मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांवर आणायचे आणि विक्रीचा मक्ता मोठ्या ठेकेदाराला द्यायचा, अशी ही पद्धत. शंभर भट्ट्यांवर शंभर शिपाई ठेवण्यापेक्षा एका भट्टीच्या दारात एक शिपाई उभा करणे सोपे. ताडीच्या झाडांवरचे करही वाढले. भंडाऱ्यांनी निषेध केला. कर मात्र राहिला.

१२/ एवढ्याने भागेना, म्हणून १८९२ मध्ये खास मोहासाठी कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध लागले. हे फूल केवळ दारूचे नव्हते. ते दुष्काळातले अन्न होते आणि गुरांचा चाराही होते. पण झाडाखाली गळालेले फूल घरात साठवणे आता संशयास्पद ठरले. स्कॉटलंडचे बार्ली पिकवणारे शेतकरी परवानाधारक झाले आणि साष्टीचे फूल वेचणारे गुन्हेगार!

१३/ इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. “दारूने घरे बुडत होती, म्हणून निर्बंध आले.” घरे बुडत होती, हे खरेच. पण महात्मा फुल्यांचे उदाहरण पाहा. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी लेखी हरकत घेतली, ती शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध. म्हणजे अबकारी कायद्याला दोन वर्षे झाल्यावर एक समाजसुधारक सांगत होता की दुकाने वाढत आहेत. सरकारने मद्य हटवले नाही. घरची भट्टी हटवून स्वतःचे दुकान मांडले.

१४/ स्वातंत्र्यानंतर तरी काय झाले? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजी देसाईंच्या आग्रहाचा हेतू प्रामाणिक मानू. पण ज्यांची पोहोच होती त्यांना प्रकृतीच्या कारणासाठी परवाने मिळाले, आणि ज्यांची नव्हती ते वांद्रे ते अंधेरीपर्यंतच्या गावठाणांतल्या ‘आंटी’च्या दारी गेले. काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी ही या बंदीच्या काळात फोफावली. साठच्या दशकात बंदी सैलावली, कायदा मात्र राहिला. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. प्रतिष्ठेतला फरक सरकारने असा छापूनच दिला आहे.

१५/ या इतिहासाची किंमत कोणी मोजली? जून २०१५. मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन १०० हून अधिक माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. तो मोह नव्हता, ताडीही नव्हती. ते उद्योगात वापरायचे विष होते. त्या आठवड्यात पुष्कळांनी म्हटले, “देशी पिणाऱ्यांचे असेच होते.” नाही. ज्या समाजाने गरिबाचे स्वच्छ पेय गुन्हा ठरवले आणि परवडेल असे काही दुसरे ठेवले नाही, त्या समाजात असे होते. म्हणूनच आजही चोरट्या दारूच्या वाटेला कोणी जाऊ नये. ‘पारंपरिक’ म्हणून कुणी बाटली पुढे केली तरीही.

१६/ साम्राज्य बाटलीवर कसे टिकून आहे, ते पाहायचे असेल तर भारतीय व्हिस्कीची चिठ्ठी वाचा: ४२.८ टक्के. हा विचित्र आकडा का? जुन्या ब्रिटिश मापनात ५७.१ टक्के म्हणजे १०० ‘प्रूफ’. त्याच्या ७५ टक्के म्हणजे ४२.८, यालाच ‘२५ अंडर प्रूफ’ म्हणत. ब्रिटनने ते माप कधीच टाकून दिले. आपण अजून त्याच मापाने आपली झिंग मोजतो.

१७/ आता त्या तरुणांच्या आवडत्या वाक्याकडे वळू: “१२ वर्षांखालची नुसती पिऊ नये.” स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातले मद्य वर्षाला सुमारे २ टक्के उडते, १२ वर्षांनी तीन-चतुर्थांशाहून अधिक उरते. बंगळुरूत ते सुमारे १० टक्के उडते. १२ वर्षांनी जेमतेम पाव पिंप उरेल. उष्ण हवेत लाकडाचा गुणही लवकर उतरतो. म्हणून ‘अमृत’ने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन मांडली, आणि पुढे गोव्यात कुंकळ्ळीला गाळलेली ‘पॉल जॉन’ही जगभर गेली, ती वयाच्या आकड्यावाचून. वयाचा आकडा हा हवामानाचा हिशेब आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे.

१८/ “हे सगळे ठीक, पण देशी पेयाला प्रतिष्ठा मिळू शकते का?” शेजारी पाहा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. गंमत अशी, की काजूचे झाडच मुळात पोर्तुगीजांनी आणलेले. परक्या झाडाचे पेय वारसा ठरते आणि आपल्याच मातीतल्या मोहाची घरची भट्टी महाराष्ट्रात अजून गुन्हा आहे. जून २०२५ मध्ये आपल्या राज्याने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा वर्ग काढला, तोही धान्यापासूनच्या मद्यासाठी. नावात महाराष्ट्र आहे. मोह कुठे आहे?

१९/ मग नुसती पिण्यासाठी काय निवडावे? देश पाहू नका, चिठ्ठी वाचा. कोणते धान्य ते सांगितले आहे का? कुठे गाळले ते सांगितले आहे का? ‘माल्ट’ लिहिले आहे की नुसते ‘उत्कृष्ट मिश्रण’? रंग मिसळल्याची कबुली आहे का? जी बाटली उत्तरे देते ती नुसती प्या, थोडी प्या, हवे तर चार थेंब पाण्यासह. जी गप्प बसते तिच्यात सोडा घाला, किंवा ती दुकानातच राहू द्या. हा निकष स्कॉचला लावा आणि भारतीय व्हिस्कीलाही. बऱ्याच महागड्या चिठ्ठ्या मुक्या निघतील.

२०/ बोरिवलीच्या त्या तरुणांना त्या दिवशी काही बोललो नाही. रस्त्यावर इतिहास सांगणे शोभत नाही. इथे सांगतो. मित्रांनो, ‘देशी’ म्हणजे हलके, हे तुमच्या जिभेने ठरवलेले नाही. ते १८७८ च्या एका दफ्तरात ठरले, १८९२ मध्ये पक्के झाले, आणि १९४९ मध्ये आपणच त्यावर आपला शिक्का मारला. जिभेचा वसाहतवाद हा सर्वांत चिवट; कारण तो आपल्याला आवड म्हणून भेटतो.

(धागा समाप्त)