उचलून नेऊ की!

चौघांनी उचलून नेण्याची वेळ प्रत्येकावर आयुष्यात एकदाच येते आणि ती आलेली त्याला स्वतःला कळत नाही. माझ्यावर ती महिन्यातून दोनदा येते आणि मला चांगली कळते. दोन वर्षांची असताना पोलिओनं पाय नेले. पन्नाशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर निभावलं. मग खांद्यांनी संप पुकारला आणि मी चाकांवर आले. तेव्हापासून मला भाचेजावयांनी, आचाऱ्यांनी, मंगल कार्यालयाच्या वॉचमननं, नाट्यगृहाच्या डोअरकीपरनं, बँडवाल्यांनी आणि एकदा तर खुद्द नवरदेवानं, मुंडावळ्यांसकट, उचललेलं आहे. लग्नात नवऱ्यानं बायकोला उचलून घ्यावं अशी हौस असते म्हणे. आमच्या ह्यांना ती कधीच नव्हती. पण इतक्या परपुरुषांनी परस्पर भागवली की त्याबद्दल माझी काही तक्रार उरलेली नाही.

तक्रार आहे ती वेगळी. कुठलंही आमंत्रण आलं आणि मी विचारलं, "पायऱ्या किती आहेत हो?" की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "त्याची कसली काळजी? तुम्ही या तर खरं. उचलून नेऊ की!" या तीन शब्दांत आपल्या माणसांचं सगळं प्रेम भरलेलं आहे, आणि माझं भांडण नेमकं या तीन शब्दांशी आहे. हे भांडण मी जपानहून आणलं. लोक तिकडून कॅमेरे आणतात, पंखे आणतात, मी हे आणलं. कस्टमवाल्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

माझा भाचा टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. तिथे आपली इतकी माणसं आहेत की तुरीच्या डाळीसाठी कुणाला रडावं लागत नाही. त्यानं बोलावलं तेव्हा घरात एकच आकांत उडाला. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ते लोक जमिनीवर बसून जेवतात!" दीर म्हणाले, "भूकंप झाला म्हणजे?" आणि सगळ्यांचा मिळून शेवटचा प्रश्न, "तिथे तुला उचलणार कोण?"

या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी स्टेशनवर मिळालं: कुणीच नाही. टोपी घातलेला एक कर्मचारी आला. कुठे उतरणार, एवढंच त्यानं भाच्याला विचारलं, कुठेतरी फोन केला आणि काखेत एक घडीची फळी मारून, पंगतीला पाट घेऊन निघालेल्या माणसासारखा, आमच्यापुढे चालू लागला. गाडी आली. त्यानं फळी डब्याला टेकवली, मी खुर्चीसकट आत गेले, त्यानं फळी उचलली, वाकून नमस्कार केला आणि गेला. आम्ही उतरायचं ते स्टेशन आलं, दार उघडलं, तर दारात दुसरा माणूस दुसरी फळी घेऊन उभा! त्याच डब्याच्या, त्याच दाराशी. आमच्याकडे विहिणीला घ्यायला आलेला माणूससुद्धा इतक्या नेमक्या दाराशी उभा नसतो.

या प्रकारात आमच्या ह्यांची मात्र मोठी पंचाईत झाली. गेली कित्येक वर्षं कुठेही गेलं की ह्यांची नजर आधी गर्दीतले दणकट पुरुष हेरते. त्यावरून लोकांचे चमत्कारिक गैरसमजही झालेले आहेत. जपानात ही सगळी विद्या वाया गेली. चार दिवस हे पेन्शनीत निघाल्यासारखे माझ्यामागून नुसते हात मागे बांधून हिंडत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, इथे आल्यापासून मी कुणाला 'प्लीज' म्हटलेलं नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उचलली मी जात होते, पण ओझं ह्यांनाही होतं.

आणि दुसरी एक गोष्ट झाली. ती सांगायला जरा संकोच वाटतो, पण तीच सांगण्यासाठी हा सारा खटाटोप आहे. जपानमध्ये मी पाणी प्यायले.

हसू नका. आपल्याकडे लग्नाला जायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून पाणी बंद करते. चौघंजण मला पहिल्या मजल्यावर पोचवतील, श्रीखंडाचा आग्रह करतील, पण संडासात कोण नेणार? त्याला उंबरा असतो, आणि दार असं की खुर्ची आडवी केली, उभी केली, तरी जाणार नाही. तेव्हा भरल्या पंगतीत मी जिभेवर पाण्याचा थेंब न ठेवता बसते. यजमानीणबाई म्हणतात, "काही घेतलंच नाही हो तुम्ही!" टोकियोत स्टेशनवर, मोठ्या दुकानांत, संग्रहालयांत रुंद दाराचे, आत खुर्ची गोल फिरेल असे, धरायला दांडे लावलेले संडास भेटत गेले आणि मी त्या आठवड्यात जो चहा प्यायले, तो गेल्या वीस वर्षांतल्या लग्नांची भरपाई होता. लोक फुजीचा डोंगर पाहून गहिवरतात. मी कशानं गहिवरले ते मी इथे सांगितलं.

असाकुसाच्या सेन्सो-जी देवळात गेलो. मंदिराला भल्यामोठ्या पायऱ्या आहेत, आणि बाजूला लिफ्ट आहे. तिथली देवता कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वरच. मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. तो मी आजवर पुस्तकातच पाहिला. त्या अकरा मुखांपैकी एकानंही कधी पायऱ्यांकडे पाहिलेलं दिसत नाही. इथे मी लिफ्टनं थेट वर. तिथे कळलं, की इथली मूळ मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. ती गुप्त आहे. म्हणजे ज्या देवळात धडधाकट माणसाला जेवढं दिसतं तेवढंच मलाही दिसलं, असं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं देऊळ!

ओसाकाच्या किल्ल्यालाही लिफ्ट आहे. हा बुरूज १९३१ साली सिमेंट काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला. आत संग्रहालय आहे आणि इतरांना वरचे काही मजले चढून जावे लागतात, तिथे खुर्चीवाल्यांना लिफ्ट वरपर्यंत नेते. ह्यांना गुडघेदुखी आहे. मला एकटीला पाठवायचं नाही, अशी पतिधर्माची आठवण ह्यांना तिथे फार तीव्रतेनं झाली.

आता कुणाला वाटेल, बाई जपानवर भाळल्या. मुळीच नाही. क्योतोला सोनेरी मंडपाचं देऊळ, किंकाकु-जी, तळ्यापलीकडून डोळे भरून पाहिलं. पण सगळी माणसं पुढच्या वाटेनं निघाली आणि पुढे पायऱ्या असल्यामुळे मी मात्र आल्या वाटेनं उलटी परतले. आगगाडीतसुद्धा मधल्याच स्टेशनवर उतरावंसं वाटलं तर पंचाईत. कारण पुढच्या स्टेशनवर एक माणूस फळी घेऊन तिष्ठत उभा असतो. लहर लागणं ही चैन तिथेही मला नव्हती.

आणि जेवण! तिथे तर जपान्यांचा पुरता पराभव झाला. ह्यांना शाकाहार हवा, मला सपाट दार हवं. पायरी नसलेल्या हॉटेलात मासा, आणि मासा नसलेल्या हॉटेलात पायरी. मासा दिसत नसला तरी रश्शात असतोच, कारण सुकवलेल्या माशाच्या पाण्याशिवाय त्यांची आमटी होत नाही. शुद्ध शाकाहारी जेवण हवं तर ते बौद्ध मठांच्या पद्धतीचं, आणि ते बहुधा जोडे काढून, तातामीच्या चटईवर, मांडी घालून! रामेनची दुकानं म्हणाल तर आपल्या सोसायटीतल्या स्कूटरच्या शेडएवढी. दाराशी पायरी, आत एक लांब फळी आणि तिच्यापुढे जमिनीत रुतवलेली उंच स्टुलं. अशा एका दुकानाच्या दारात मालकानं आम्हाला पाहिलं, "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत तो कमरेतून इतका वाकला की त्याची टोपी पडायची बाकी राहिली. मी खूश होऊन आत निघाले, तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, तो नाही म्हणतोय." नकार कमरेतून वाकून दिला तरी तो नकारच असतो. आपल्याकडे निदान तोंडावर कळतं.

शेवटी आम्ही मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर जेवलो. तिथे लिफ्ट असते, टेबलं असतात आणि काचेत पदार्थांचे मेणा-प्लास्टिकचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. भाषेची गरज नाही, बोट दाखवायचं. फक्त एकदा, एका गल्लीत, उदोनच्या छोट्या दुकानातल्या आजीबाईंनी आम्हाला थांबवलं. आतून ओलं फडकं आणून माझ्या खुर्चीची चाकं पुसली, एक टेबल ओढून भिंतीला लावलं आणि मला आत घेतलं. कुणी मला उचललं नाही. टेबल उचललं. एवढाच फरक आहे हो. माणूस हलवायचा की टेबल, एवढाच!

परत आल्यावर मी हे सारं सांगायला लागले की लोक मान डोलावून म्हणतात, "जपानी माणूस मुळातच शिस्तीचा. आपल्याकडे नाही व्हायचं ते." इथे मात्र माझं डोकं फिरतं. मुळातच? एप्रिल १९७७ मध्ये कावासाकी शहरात 'आओइ शिबा', म्हणजे हिरवं गवत, असं काव्यमय नाव घेतलेल्या संघटनेची सेरेब्रल पाल्सी झालेली माणसं खुर्च्यांसकट बसमध्ये घुसली आणि बसून राहिली, कारण बसवाले त्यांना घेत नव्हते. बसगाड्या खोळंबल्या. ओरडा झाला. त्या दिवशी तिथल्या शिस्तप्रिय माणसांनी काय काय म्हटलं असेल ते मला न सांगता कळतं. वाहतुकीचा सक्तीचा कायदा झाला २००० साली. तो आणि इमारतींचा कायदा एक झाले २००६ साली. दुकानदारांनी, हॉटेलवाल्यांनी झेपेल तेवढी सोय केलीच पाहिजे, हे सक्तीचं झालं एप्रिल २०२४ पासून. तो वाकणारा रामेनवाला अजून वाटेवर आहे म्हणायचा. आणि भांडण संपलेलं नाहीच. नागोयाचा किल्ला लाकडात, अगदी जुन्यासारखा बांधायचं ठरलं, तेव्हा जुन्यात नव्हती म्हणून लिफ्ट नको असं तिथल्या महापालिकेनं २०१८ साली जाहीर केलं, आणि खुर्चीवाली माणसं रस्त्यावर आली. जुन्या किल्ल्यात विजेचा दिवा तरी कुठे होता?

म्हणजे ती फळी त्या लोकांच्या रक्तात नव्हती. भांडून काखेत आणलेली होती.

आणि कायद्यात आपण मागे आहोत असंही नाही. आपला पहिला कायदा १९९५ चा, दुसरा २०१६ चा, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की सोयींचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचेच हवेत. अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या खवल्याखवल्यांच्या फरश्या जपानात ओकायामा शहरात १९६७ साली पहिल्यांदा बसल्या. त्या आपल्या फूटपाथवरही आल्या आहेत. आमच्या रस्त्यावर त्या सरळ रेषेत जातात आणि विजेच्या खांबाला जाऊन भिडतात. कायदा आहे, फरशी आहे, खांबही आहे. नाही ते फक्त भांडण. कारण भांडायला उभं राहावं, तर (म्हणजे बसावं, तर) कुणीतरी प्रेमानं म्हणतं, "उचलून नेऊ की!" आणि मग भांडणारी बाई कृतघ्न ठरते.

परवा आमच्या सोसायटीची सभा होती. जिन्यापासून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत. तिथे उतार करावा, असा माझा अर्ज. खजिनदार म्हणाले, "काकू, फक्त तुमच्या एकट्यांसाठी?" मी सभेकडे पाहिलं. सभेतल्या गुडघ्यांचं सरासरी वय पासष्टच्या पुढे होतं. दुसरे म्हणाले, "दर्शनी भागाची शोभा जाईल." त्या दर्शनी भागात सध्या तीन मोडक्या सायकली आणि एक जुना कमोड शोभत असतात. शेवटी सेक्रेटरी उठले. मनाचा मोठा माणूस. हात जोडून म्हणाले, "काकू, तीनच तर पायऱ्या आहेत. आम्ही चौघं आहोत ना! अर्ध्या रात्री हाक मारा, उचलून नेऊ की!"

मी म्हटलं, "तुम्ही न्याल हो, शंकाच नाही. चौघांची गरज मला एकदा लागणारच आहे. त्या दिवसासाठी ताकद राखून ठेवा. तोपर्यंत मला एक फळी द्या."

सभेत शांतता पसरली. मग विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. आमच्या सोसायटीत ढकलायला चाकं लागतात ती फक्त मला. विषय बिनचाकाचेही छान पुढे सरकतात.

पुढची सभा कोजागिरीला आहे, दूध आटवून, गच्चीवर. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. मी जाणार आहे. चौघांना सांगूनही ठेवलंय. दूध मात्र पिणार नाही.