झडप बदलण्यापूर्वी
हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधील मायट्रल झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त उलट फिरते. झडप बदलल्यास दोन पर्याय असतात: यांत्रिक झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी आजन्म घ्यावी लागते, जैविक झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गोवंशाच्या हृदयावरणापासून बनते. अहिंसाव्रती कुटुंबापुढे येथेच धर्मसंकट उभे राहते.

तिसरा मार्ग दुरुस्तीचा. सैल पडद्याचा भाग कापून सांधतात, तुटलेल्या तंतूंऐवजी कृत्रिम धागे लावतात, घेराला आधारकडे बसवतात. पॅरिसचे शल्यविशारद आलँ कार्पांतिए यांच्या १९८३ च्या लेखाने या कौशल्याला शास्त्रशुद्ध बैठक दिली.

संधिवाती तापाने आखडलेली झडप मात्र पुष्कळदा दुरुस्त होत नाही; तो निर्णय कधी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतो, रुग्ण बेशुद्ध असताना. म्हणून दुरुस्ती न जमल्यास कोणती झडप चालेल, हे कुटुंबाने आधीच ठरवून डॉक्टरांना सांगावे.