दवबिंदूची लाली

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत धानाच्या बांध्यांलगतच्या ओलसर, निकस भूमींत पावसाळा सरतां सरतां दवबिंदू ही इवलीशी कीटकभक्षी वनस्पति दिसते. महसुलाच्या नोकरींत पीकपाहणीच्या वेळीं आम्हीं ती अनेकदां पाहिली आहे. उघड्या उन्हांत तिचीं पानें कुंकवासारखीं लाल होतात. घरांत कुंडींत लाविलीं कीं हिरवीं पडतात. मग हौशी मालक युरिया घालतो! आमच्या मतें हा शुद्ध अविचार होय. लाली खतानें नव्हे, उन्हानें चढते. प्रखर प्रकाशांत पानांत अँथोसायनिन नांवाचें रंगद्रव्य सांचतें. नत्र हें झाड चिकट केसांवर अडकलेल्या किड्यांपासून घेतें. (डार्विन यांनीं १८७५ च्या ग्रंथांत याच कुळांतील झाडास मांसाचे कण भरविल्याचे प्रयोग वर्णिले आहेत.) मुळाशीं खत किंवा विहिरीचें क्षारयुक्त पाणी त्यास सोसत नाहीं.

शिवाय येथील दवबिंदू बहुधा वर्षायु. उपटून आणलेलें झाड कितीसें टिकणार? त्यापेक्षां चिमूटभर पिकलें बीं आणून वाळूमिश्रित निकस मातीवर नुसतें पसरावें, कुंडीखालीं थाळींत पावसाचें पाणी ठेवावें व कुंडी दक्षिणेच्या खिडकींत ठेवावी. धुऱ्यावर तणनाशक मारतांना मात्र तेवढी जागा वगळावी. तेथें धान पिकत नाहींच.